औषधांतले आरशातले जुळे आणि कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत क्यूसीत (औषधांची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात) नव्याने लागलेली मुलं, पणजी आणि फर्मागुडीच्या फार्मसी कॉलेजांतले विद्यार्थी आणि अधूनमधून एखादा औषधदुकानदार यांच्याकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न दोन ओळींत संपतात, काहींना जागा लागते. ज्यांना फक्त गोळ्यांबद्दल जाणून घ्यायचं आहे त्यांनी पहिले तीन प्रश्न वाचून थांबलं तरी चालेल.

आरशातले जुळे रेणू म्हणजे नक्की काय?

कार्बनच्या एका अणूला चार वेगवेगळे गट जोडलेले असले की त्यांची मांडणी दोन प्रकारे होऊ शकते, आणि त्या दोन मांडण्या म्हणजे एकमेकींची आरशातली प्रतिबिंबं. चपलांच्या जोडासारखं: माप एक, चामडं एक, पण डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात बसत नाही. अशा रेणूंना एनँशिओमर म्हणतात आणि दोन्ही निम्मेनिम्मे असतील त्या मिश्रणाला रेसेमिक. केंद्र दर वेळी कार्बनचंच असतं असंही नाही. आम्लपित्तावरच्या ओमेप्राझोलमध्ये ते गंधकाच्या अणूवर असतं.

दोघांचा वितळणबिंदू, पाण्यातली विद्राव्यता, रेणुभार, यूव्ही शोषण सगळं सारखंच. फरक दिसतो तो दोन ठिकाणी. एक म्हणजे ध्रुवित प्रकाशाची पातळी एक रेणू डावीकडे वळवतो, तर दुसरा तितकीच उजवीकडे. दुसरं म्हणजे समोर दुसरी डावी-उजवी गोष्ट आली की दोघांची वागणूक बदलते. आपलं शरीर अशाच गोष्टींनी भरलेलं आहे: प्रथिनं एल अमिनो आम्लांची, साखर डी प्रकारची (एल आणि डी ही अशाच जुळ्यांची नावं). नाकाचंही तेच. कार्व्होन या एकाच रेणूचं एक रूप स्पिअरमिंट पुदिन्याच्या वासाचं, तर त्याचं प्रतिबिंब बाळंतशेपेच्या तेलात सापडतं. डबीतला वास घेऊन दोन्ही वेगळे ओळखता येतात, पण साध्या कॉलमवर एचपीएलसी केलं (द्रवाच्या प्रवाहाने मिश्रण भरलेल्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, ढकलून घटक वेगळे करायची पद्धत) तर दोघांचा एकच पीक, म्हणजे आलेखावरचं शिखर, येतो.

यावर बोलताना सगळे थॅलिडोमाइडचं उदाहरण देतात. ते बरोबर आहे का?

अर्धंच. थॅलिडोमाइड १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलं आणि गर्भातल्या बाळांवरचे भयंकर परिणाम कळल्यावर १९६१ च्या अखेरीस मागे घेतलं गेलं. अमेरिकेच्या एफडीएत, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या यंत्रणेत, फ्रान्सेस केल्सी यांनी परवानगी अडवून धरल्यामुळे तिथली बरीच मुलं वाचली. इथवर ठीक. पण पुढे हमखास जोडलं जातं की ‘फक्त चांगलं रूप दिलं असतं तर काही झालं नसतं’. हे खरं नाही. थॅलिडोमाइडची दोन्ही रूपं शरीरातच काही तासांत एकमेकांत बदलतात. शुद्ध आर रूप (लोकांच्या मते ‘चांगलं’) दिलं तरी रक्तात एस (‘वाईट’) तयार होतंच.

मी वर्गात दुसरी उदाहरणं देतो. पार्किन्सनच्या आजारात डोपाचं फक्त एल रूप देतात. विल्सनच्या आजारात पेनिसिलामाइन डी रूपात देतात. एल रूप ब ६ जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणतं. खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन आपल्याला ठाऊक आहे, पण त्याचं प्रतिबिंब लेव्होमेथॉर्फन हे अफूच्या जातीचं वेदनाशामक आहे. बाटलीत या दुसऱ्याचा अंश किती आहे हे कुणीतरी मोजायला नको का? अमेरिकेच्या एफडीएने १९९२ मध्ये धोरणच काढलं: नवं औषध आणताना दोन्ही रूपांचा स्वतंत्र विचार करा आणि ती वेगळी मोजणारी पद्धत सुरुवातीपासून तयार ठेवा.

गोळीच्या नावात ‘लेव्हो’ किंवा ‘एस’ असलं की ती जास्त चांगली का?

औषधदुकानदारांचा हा लाडका प्रश्न, कारण गिऱ्हाईक तोच विचारतं. उत्तर औषधागणिक वेगळं आहे. सर्दी-खाजेवरच्या सेटिरिझिनचं काम मुख्यतः एकच रूप करतं, म्हणून १० मिलिग्रॅम सेटिरिझिनच्या जागी ५ मिलिग्रॅम लेव्होसेटिरिझिन. रक्तदाबावरच्या अम्लोडिपिनचंही असंच. एस अम्लोडिपिन निम्म्या मात्रेत येतं. मात्रा निम्मी झाली म्हणजे औषध दुप्पट ताकदवान झालं असं नाही, नुसता बिनकामाचा वाटा वगळला. आयबुप्रोफेनमध्ये तर आर रूपाचा मोठा भाग शरीरातच एसमध्ये बदलतो, त्यामुळे साधी गोळीही बहुतेकांना पुरते. गोळी बदलायची तर डॉक्टरांना विचारून.

एक गोंधळ इथेच मिटवू. ‘लेव्हो’ हे प्रकाश कुठे वळतो त्यावरून, तर ‘आर’ आणि ‘एस’ हे गटांच्या मांडणीवरून. एकावरून दुसरं ठरत नाही. लेव्होसेटिरिझिन आणि लेव्होसाल्ब्युटामॉल आर आहेत, लेव्होफ्लॉक्सासिन एस.

दोघांचं वजन, आकार, विद्युतभार सारखाच असेल तर वीज त्यांना वेगळं कसं करणार?

ती करतच नाही. संपूर्ण विषयाची किल्ली इथे आहे, आणि नेमकं हेच घाईत वगळलं जातं.

कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये बारीक नळीत बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) भरतात, टोकांना मोठा विद्युतदाब देतात आणि भारित रेणू आपापल्या चालीने धावतात. चाल भार आणि आकार यांवर ठरते. प्रतिबिंबांची चाल तंतोतंत एक, म्हणून नुसत्या बफरमध्ये कितीही किलोव्होल्ट लावले तरी एकच पीक. आता बफरमध्ये तिसरा भिडू टाकायचा, जो स्वतः डावा-उजवा आहे. त्याला सिलेक्टर म्हणतात. औषधाचा रेणू धावताना सिलेक्टरला चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. एका रनमध्ये, म्हणजे नमुन्याच्या एका फेरीत, हे असंख्य वेळा घडतं. चिकटलेला असताना तो जड आणि मंद. एक रूप सिलेक्टरला किंचित जास्त धरून राहत असेल, तर तेच मागे पडतं.

‘किंचित’ म्हणजे किती, हे आकड्यांत पाहू. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण परिमाण खरं आहे. समजा एका रूपाचा बंधन-स्थिरांक (सिलेक्टरला किती घट्ट चिकटतं त्याचं माप) १०० आणि दुसऱ्याचा ११०, म्हणजे फरक फक्त १० टक्के. रेन आणि रो यांनी १९९२ मध्ये दाखवलं की सिलेक्टरचं सर्वांत योग्य प्रमाण म्हणजे दोन्ही स्थिरांकांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाचा व्यस्त. इथे ते साधारण ९.५ मिलिमोलर येतं. त्या प्रमाणात पहिलं रूप ४८.८ टक्के वेळ बांधलेलं असतं, दुसरं ५१.२ टक्के. मोकळ्या रेणूची चाल २.० आणि बांधलेल्याची ०.८ धरली (दोन्ही दहा हजारांश चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद), तर सरासरी चाली १.४१ आणि १.३९ येतात. दोन टक्क्यांचा फरक. ५० सेंटिमीटर नळी, २५ किलोव्होल्ट, डिटेक्टरपर्यंतचं अंतर ४० सेंटिमीटर, नळीतला स्वतःचा प्रवाह शून्य धरला, तर दोन्ही पीक साडेनऊ मिनिटांच्या आसपास येतील आणि त्यांच्यात अकरा-एक सेकंदांचं अंतर असेल.

अकरा सेकंद पुरतात का? पुरतात, कारण कॅपिलरीत पीक फार अरुंद येतात. प्लेट-संख्या (पीक किती अरुंद येतात त्याचं माप) एक लाख धरली तर रेझोल्यूशन (दोन पीक किती सुटे आहेत त्याचं माप) सुमारे १.६ येतं, म्हणजे पीक बेसलाइनपर्यंत सुटे. तेवढ्याच फरकाला दहा हजार प्लेट मिळाल्या असत्या तर ०.५, म्हणजे एक पीक आणि त्याला जेमतेम खांदा. कॅपिलरीची सगळी ताकद ही आहे: निवड फार चांगली नसली तरी धार तीक्ष्ण असते.

बंधन-स्थिरांक अगदी सारखे असले तरीही रूपं वेगळी होऊ शकतात, जर बांधलेल्या जोड्यांची चाल वेगळी असेल तर. आणि सिलेक्टरचं प्रमाण बदललं की काही वेळा पिकांचा क्रमच उलटतो. एकदा ‘आर आधी येतो’ असं लिहून ठेवलं म्हणजे सुटलो, असं समजू नका; प्रत्येक बदलानंतर शुद्ध रूपाचा स्टँडर्ड घालून खात्री करावी लागते.

पाश्चरने तर चिमट्याने वेगळे केले होते ना?

हो, १८४८ मध्ये, सोडियम अमोनियम टार्ट्रेटचे स्फटिक डावे-उजवे निवडून. पण ते नशीबही होतं. हे मीठ साधारण २७ अंशांखाली स्फटिक झालं तरच डावे आणि उजवे स्फटिक वेगवेगळे पडतात. त्यावर गेलं की दोन्ही रूपं एकाच स्फटिकात बसतात. मे महिन्यात पणजीत पंख्याखाली हा प्रयोग केला असता तर चिमट्याला कामच उरलं नसतं. शिवाय बहुतेक रेसेमिक औषधं मुळात असे सुटे स्फटिक देतच नाहीत.

पोलरिमीटरने काम भागत नाही का?

प्रकाश किती वळतो हे मोजणाऱ्या या यंत्राने ओळख पटवायला भागतं. ९९.९ टक्के शुद्ध मालातला ०.१ टक्का उलटा रेणू त्याला दिसत नाही.

यंत्रात असतं तरी काय?

दोन व्हायल (बफरच्या छोट्या कुप्या), दोन इलेक्ट्रोड, ३० किलोव्होल्टपर्यंतचा पुरवठा, यूव्ही डिटेक्टर आणि फ्यूज्ड सिलिकाची नळी. नळीचा आतला व्यास बहुधा ५० मायक्रोमीटर, बाहेरून पॉलिइमाइडचा तपकिरी लेप. ५० सेंटिमीटर नळीत मावतं किती? सुमारे एक मायक्रोलिटर! नमुना तर नॅनोलिटरमध्ये घालतात. दिवसभराचा बफर काही मिलिलिटरमध्ये भागतो. एचपीएलसीवर दिवसाला लिटरने सॉल्व्हंट ओतणाऱ्याला हे आधी खरंच वाटत नाही. डिटेक्टरसमोर लेप जाळून छोटी खिडकी करतात आणि नळी मोडली तर हटकून तिथेच मोडते.

या तंत्राला आजचं रूप जॉर्गेनसन आणि लुकाक्स यांच्या १९८१ च्या कामाने मिळालं. प्रतिबिंब-रेणू त्यात पहिल्यांदा वेगळे केले ते गासमन, कुओ आणि झेअर यांनी, १९८५ मध्ये, तांबं आणि एल हिस्टिडीन यांची जोडी सिलेक्टर म्हणून वापरून. १९८९ मध्ये फनाली यांनी नळीतल्या मोकळ्या बफरमध्ये सायक्लोडेक्स्ट्रिन वापरून इफेड्रिनसारखी औषधं वेगळी करून दाखवली, आणि तिथून गाडी सुटली ती आजही त्याच रुळावर आहे.

सिलेक्टर कुठला निवडायचा? सुरुवात कुठून करू?

दहापैकी नऊ वेळा सायक्लोडेक्स्ट्रिनपासून. ग्लुकोजच्या कड्यांचं हे वलय: अल्फात ६, बीटात ७, गॅमात ८. आतली पोकळी तेलकट, बाहेरचा काठ पाण्याला जवळचा. बेंझिनचं एक वलय बीटाच्या पोकळीत बरं बसतं, नॅफ्थलीनसारखी जोडही बसते. त्याहून मोठं काही असेल तर गॅमा. साधं बीटा पाण्यात कमी विरघळतं, १०० मिलिलिटरमध्ये २ ग्रॅमही नाही. म्हणून हायड्रॉक्सीप्रोपिल, मिथिल किंवा सल्फेट गट लावलेली रूपं वापरतात.

आता औषधाकडे बघा. अमाइन असलेलं क्षारधर्मी औषध, आणि बाजारातली कितीतरी औषधं तशीच असतात, तर फॉस्फेट बफर ५० मिलिमोलर, पीएच २.५. या पीएचला औषधावर धन भार पक्का असतो आणि नळीच्या भिंतीतून येणारा विद्युत-परासरण प्रवाह जवळपास थांबतो, त्यामुळे गणित सोपं राहतं. त्यात आधी हायड्रॉक्सीप्रोपिल बीटा, मग डायमिथिल बीटा, मग सल्फेटेड. सल्फेटेड हा माझा आवडता, कारण त्याच्यावर ऋण भार असतो आणि तो औषधाच्या उलट दिशेला धावतो. चालींतलं अंतर वाढतं आणि थोड्या प्रमाणातही काम होतं. मात्र करंट चढतो. प्रमाण वाढवताना डोळा मायक्रोअँपिअरवर ठेवा, आणि व्होल्टेज-करंटचा आलेख सरळ रेषा सोडू लागला की थांबा. नळी आतून तापते आहे असा त्याचा अर्थ.

आम्लधर्मी औषधांना, म्हणजे आयबुप्रोफेन-नेप्रॉक्सेनच्या गोतावळ्याला, पीएच ५ ते ६ च्या आसपास ट्रायमिथिल बीटा किंवा व्हँकोमायसिन. हो, तेच अँटिबायोटिक. १९९४ मध्ये आर्मस्ट्राँग यांच्या गटाने ते सिलेक्टर म्हणून वापरलं आणि या आम्लांसाठी त्याचा हात धरणारं फारसं काही नाही. पण ते स्वतःच यूव्ही शोषतं, म्हणून नळीचा काहीच भाग त्याने भरायचा आणि डिटेक्टरपुढचा भाग मोकळा ठेवायचा. प्राथमिक अमाइनला क्राउन ईथर (वलयाच्या आकाराचा रेणू) उत्तम, फक्त पोटॅशियमचा बफर नको. पोटॅशियमच त्याच्या वलयात जाऊन बसतं. भार नसलेल्या औषधाला भारित सायक्लोडेक्स्ट्रिन किंवा मायसेल (साबणासारख्या रेणूंचे पुंजके).

कॉलम न बदलता, फक्त व्हायल बदलून एका दुपारी पाच-सहा सिलेक्टर तपासता येतात. कायरल (डावं-उजवं ओळखणारे) कॉलम एकेक करून विकत घेत बसण्यापेक्षा हे किती स्वस्त पडतं, याचा हिशेब लहान प्रयोगशाळांनी जरूर करावा. पण बाटलीवर एक गोष्ट न चुकता लिहा: उत्पादक आणि लॉट क्रमांक. सल्फेटेड सायक्लोडेक्स्ट्रिन हा एक रेणू नसून कमीजास्त सल्फेट लागलेल्या रेणूंचं मिश्रण असतं. लॉट बदलला की रेझोल्यूशन बदलू शकतं, आणि मग माणूस पीएचमध्ये चूक शोधत बसतो.

एचपीएलसी असताना हे कशाला?

पद्धत शोधताना वेग आणि खर्च यांसाठी, आणि एचपीएलसीच्या निकालाला वेगळ्या तत्त्वावरची दुसरी साक्ष म्हणून. रोजच्या बॅच रिलीजसाठी मात्र बहुतेक ठिकाणी कायरल एचपीएलसीच चालतं आणि त्यात गैर काही नाही. कॅपिलरीत प्रकाशाचा मार्ग ५० मायक्रोमीटर, एचपीएलसीच्या सेलमध्ये साधारण १० मिलिमीटर; २०० पटींचा फरक आहे, संवेदनशीलता तिथेच मार खाते. आणि वेगळं केलेलं औषध गोळा करायचं असेल तर ही नळी कामाची नाही.

अधिकृत पद्धत म्हणून कुणी वापरत नाही, असं मात्र म्हणू नका. भूल देण्यासाठी वापरलं जाणारं रोपिव्हॅकेन घ्या. ते फक्त एस रूपात येतं, कारण त्याचं भावंड बुपिव्हॅकेन रेसेमिक असून हृदयाला जास्त जाचक ठरतं. रोपिव्हॅकेनमधलं आर रूप मोजायला युरोपियन फार्माकोपियात (औषधांच्या अधिकृत मानकांच्या ग्रंथात) कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसच दिलं आहे, सिलेक्टर डायमिथिल बीटा सायक्लोडेक्स्ट्रिन.

मिरग लागला की आमचा करंट थरथरायला लागतो. यंत्र बिघडलं का?

बहुधा नाही, हवा बिघडली. कोरड्या प्रदेशात लिहिलेल्या मॅन्युअलमध्ये या गोष्टीला दोन ओळी असतात; आपल्याकडे हे जून ते सप्टेंबरचं रोजचं दुखणं आहे.

३० किलोव्होल्ट हवेतून पळायला वाट शोधत असतात. दमट हवेत इलेक्ट्रोडच्या बुडाशी, व्हायलच्या झाकणावर, कार्ट्रिजच्या प्लॅस्टिकवर ओलाव्याचा पातळ थर बसतो. त्यात सांडलेल्या बफरचं मीठ वाळलेलं असलं की तयार वाट मिळते. मग करंट उड्या मारतो, बेसलाइनला काटे येतात, आणि जास्त झालं तर यंत्र स्वतःच दाब तोडतं. दोना पावला किंवा वास्कोसारख्या समुद्राला लागून असलेल्या ठिकाणी खारं वारं त्यात भर घालतं.

उपाय साधे आहेत. खोलीत एसीबरोबर डीह्युमिडिफायर हवा, आणि तो संध्याकाळी बंद करून घरी जायचं नाही. इलेक्ट्रोड आणि त्यांच्या आजूबाजूचा भाग नियमाने पाण्याने पुसून, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडा करा. व्हायल काठोकाठ भरू नका. फ्रीजमधून काढलेली बफरची बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. बाहेर आणताच तिच्यावर पाणी सुटतं आणि तेच पाणी झाकणांवाटे आत जातं. नमुने ठेवायचा ट्रे थंड केलेला असेल तर पावसाळ्यात त्याचं तापमान फार खाली नेऊ नका. एवढं करूनही उड्या थांबत नसतील तर ३० ऐवजी २० किलोव्होल्टवर चालवा. रन लांबेल, पण निकाल मिळेल.

करंट थरथरत नसून सरळ शून्यावर गेला तर गोष्ट वेगळी. तेव्हा नळीत बुडबुडा आहे, टोक बुजलं आहे किंवा खिडकीपाशी नळी तुटली आहे. बफर गाळून, गॅस काढून वापरला तर पहिली दोन कारणं बहुतांशी जातात. आणि वीज गेली की चालू रन वाया गेलाच समजा. यूपीएसशिवाय रात्रभराची सिक्वेन्स लावणं हे धाडस आहे.

रेसेमिक स्टँडर्ड घातलं. १० आणि ११ मिनिटांना दोन पीक आले, पण क्षेत्रफळ ४७.६ आणि ५२.४ टक्के. मिश्रण खराब आहे का?

मिश्रण ठीक आहे, हिशेब अर्धा राहिला आहे. एचपीएलसीत सगळे पीक डिटेक्टरसमोरून एकाच वेगाने जातात, कारण त्यांना प्रवाह ढकलत असतो. इथे प्रत्येक रूप आपल्या चालीने खिडकीसमोरून जातं. मंद रूप जास्त वेळ रेंगाळतं, म्हणून त्याचा पीक रुंद आणि क्षेत्रफळ मोठं. प्रत्येक क्षेत्रफळाला त्याच्या वेळेने भागा: ४७.६ भागिले १० आणि ५२.४ भागिले ११, दोन्ही ४.७६. निम्मेनिम्मे. सॉफ्टवेअरमध्ये ‘करेक्टेड एरिया’ हा पर्याय असतो, तो निवडा. एचपीएलसीवरून इकडे आलेल्याला हे कुणी सांगत नाही आणि ऑडिटर मात्र नेमकं हेच विचारतो.

०.१ टक्का उलटा रेणू पकडता येतो का?

येतो, पण दोन अटींवर. पहिली, छोटा पीक मोठ्याच्या आधी आला पाहिजे. इतकी कमी अशुद्धी दिसावी म्हणून नमुना दाट घ्यावा लागतो, त्यामुळे मुख्य पीक त्रिकोणी होऊन बहुधा मागे शेपटी सोडतो. छोटा पीक मागे असला तर त्या शेपटीत बुडतो. क्रम उलटवायला वेगळा सायक्लोडेक्स्ट्रिन घेऊन पाहा, प्रमाण बदला, किंवा ऋणभारी सिलेक्टर भरपूर घालून विजेची दिशा उलटी करा, म्हणजे जे रूप सिलेक्टरला जास्त चिकटतं तेच आधी पोचतं. सायक्लोडेक्स्ट्रिनचं स्वतःचं प्रतिबिंब वापरण्याची सोय नाही, ते एल ग्लुकोजपासून बनवावं लागेल.

दुसरी अट, बफरमधल्या सहआयनाची (औषधासारखाच भार असलेल्या आयनाची) चाल औषधाच्या चालीशी जुळवा. फॉस्फोरिक आम्लाचा पीएच सोडियम हायड्रॉक्साइडने जुळवण्याऐवजी ट्रिस किंवा ट्रायइथेनॉलअमाइनने जुळवला तर अमाइन औषधांचे त्रिकोण बरेच कमी होतात, करंटही उतरतो. त्यानंतर शुद्ध औषधात ०.१ टक्का उलटं रूप मुद्दाम मिसळून पीक दिसतो का ते तपासायचं. व्हॅलिडेशनची, म्हणजे पद्धत विश्वासार्ह आहे हे सिद्ध करण्याची, बाकी यादी आयसीएच या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या क्यू २ मार्गदर्शिकेत आहेच.

पहिल्या पाच रनमध्ये वेळ जुळते, मग सरकत जाते. का?

दोन कारणं. दोन्ही टोकांच्या व्हायलमध्ये पाण्याचं विघटन चालू असतं, त्यामुळे बफरचा पीएच हळूहळू ढळतो. काही रननंतर व्हायल बदला. आणि भिंत नीट धुतली जात नाही. नवी नळी १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने, मग पाण्याने, मग बफरने. आम्लधर्मी बफरवर काम चालू असताना दोन रनमध्ये दर वेळी हायड्रॉक्साइड फिरवण्याची सवय मला पटत नाही. भिंत स्थिर व्हायला वेळ लागतो आणि वेळा उलट जास्त हलतात. फॉस्फोरिक आम्ल आणि बफर पुरतं.

आमच्या सोलांतलं आम्ल या पद्धतीने तपासता येईल का?

एका विद्यार्थिनीने विचारलेला, मला फार आवडलेला प्रश्न. कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असतं. त्यात डावी-उजवी केंद्रं दोन, म्हणून रूपं चार. कोकमात त्यातलं एक सापडतं, लाल अंबाडीत दुसरं. पण गंमत अशी की ही दोन एकमेकांची प्रतिबिंबं नाहीत. दोनपैकी एकच केंद्र उलटं आहे, म्हणून त्यांना डायस्टेरिओमर म्हणतात आणि त्यांचे गुणधर्म मुळातच वेगळे असतात. ती वेगळी करायला तत्त्वतः सिलेक्टर लागत नाही, पीएच नीट निवडला तरी जमू शकतं. अडचण दुसरीच आहे: हे आम्ल यूव्ही फारसं शोषत नाही. बफरमध्येच यूव्ही शोषणारा आयन घालून उलटा पीक मोजायची युक्ती वापरावी लागेल. प्रकल्पासाठी विषय चांगला आहे, आणि कच्चा माल घरच्या बरणीतच आहे.

हे शिकून गोव्यात नोकरी मिळते का?

फक्त यावर नाही. वेर्णा, कुंडई, पिळर्ण, कोलवाळकडच्या कारखान्यांना एचपीएलसी चालवणारा माणूस आधी हवा असतो. पण बंधन, पीएच आणि भार यांचा विचार या नळीवर शिकलेला माणूस कायरल कॉलमवरही चाचपडत नाही, आणि जैविक औषधांच्या प्रयोगशाळांत कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस रोजच्या कामात आहे. विद्यापीठात किंवा कॉलेजात यंत्रावर हात ठेवायची संधी मिळाली तर सोडू नका.

चवथीला आठवडाभर लॅब बंद असते. यंत्र तसंच ठेवलं तर चालेल?

बफर भरून तसंच ठेवलं तर परत येईपर्यंत टोकांशी सायक्लोडेक्स्ट्रिन आणि मीठ साचून नळी बुजलेली असेल. निघण्याच्या दिवशी नळी आधी ०.१ मोलर हायड्रॉक्साइडने, मग भरपूर पाण्याने धुवा आणि शेवटी हवा फिरवून कोरडी करा. व्हायल सगळ्या काढून टाका. इलेक्ट्रोड पुसा, दिवा बंद करा, डीह्युमिडिफायर चालू ठेवा आणि त्याच्या पाण्याची नळी बेसिनमध्ये सोडा, टाकी भरून तो दुसऱ्याच दिवशी बंद पडायला नको. परत आल्यावर ताज्या बफरने कमी व्होल्टेजवर सुरुवात करा, आणि रेसेमिक स्टँडर्डचे ओळीने तीन रन जुळल्याशिवाय नमुना लावू नका.